नऊ नंबरचा तक्ता

सोमवार, ३ तारीख. सकाळी ६.४०
शनिवारी सिस्टर आमच्यातल्या एकाला सीनियर मदतनीस नेमणार. अकरा वर्षं या वॉर्डात बेडपॅन उचलतोय, त्यामुळे प्रश्नच नाही. बायकोला सांगून टाकलं. आता माघार नाही.
संकल्प : या आठवड्यात एकही चूक नाही.

दुपारी
सहा आंघोळी, चार चादरी, एक सांडलेलं सूप, तेही माझ्या बुटात. शिवाय नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवा, तक्त्यात लिहा. लघवी मोजा, लिहा. ताप बघा, लिहा. माणसाने काम करावं की कारकुनी?

मंगळवार, ४
नव्या मदतनीस मावशींना इथे येऊन दोनच महिने झालेत. एकेक काम करायचं, हात धुवायचे, चष्मा लावायचा, मग लिहायचं. म्हटलं, अहो, अशाने दिवस पुरायचा नाही. तर म्हणाल्या, लिहिलेलं खरं नको का? भोळी बाई.

बुधवार, ५
युक्ती सुचली. आजोबांची लघवी दर वेळी तीनशेच्या आसपास, ताप नाहीच. सकाळी सातलाच दिवसभराचा तक्ता भरून टाकला. याला प्लॅनिंग म्हणतात. चहा दोनदा झाला. आजोबांना वळवतो अर्थात. बहुतेक वेळा.

गुरुवार, ६
सिस्टर म्हणाल्या, तक्ता अगदी नीटनेटका आहे. दिवसभर हवेत होतो.

शुक्रवार, ७. सकाळी ७.१०
तक्ता भरला. खरं वाटावं म्हणून एकदा २८०, एकदा ३२०.

दुपारी ३
आजोबांना अकरा वाजता घरी सोडलं. गाडीपर्यंत व्हीलचेअर मीच ढकलली, टाटा केला. तक्ता डोक्यातच आला नाही. दोन वाजता डॉक्टरांनी फाईल उघडली. सिस्टरनी मला बोलावून विचारलं, चार वाजता आजोबांना डाव्या कुशीवर वळवायला त्यांच्या घरी जाणार आहात का? डॉक्टर हसले. सिस्टर हसल्या नाहीत. म्हटलं, आज जरा घाईत झालं. त्यांनी विचारलं, आणि काल? परवा?


शनिवार, ८
सीनियर मदतनीस : नव्या मावशी. सोमवारपासून माझ्या प्रत्येक नोंदीखाली त्यांची सही लागणार. फार लाज वाटली. रागही आला, पण काढणार कोणावर?
घरी बायकोने दारातच विचारलं, झाली का नेमणूक? म्हटलं, झाली.
तिने लगेच आईला फोन लावला.