डाव्या कोपऱ्यासाठी ना-हरकत

रोहा,
दि. ९ जानेवारी २०२६

चि. नूतन हिस वहिनीचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. जामिनाच्या अटीप्रमाणे तू मला भेटायचं नाहीस, फोन करायचा नाहीस. माझ्यावर तशी अट नाही, म्हणून मीच लिहिते आहे. इकडे माहेरी सगळे बरे आहेत. वालाच्या शेंगा भरल्यात. परवा माझ्या जितेशदादाने मडकं भरून पोपटी लावली. तुला त्या भाजलेल्या शेंगा किती आवडायच्या ते आठवलं आणि मी दोन मुठी जास्तच खाल्ल्या. सरावाच्या शिबिरात तुम्हाला मोजून खायला देतात म्हणे.

तुझी मैत्रीण वैशाली सोमवारी आमच्या दुकानात आली होती. झेरॉक्स काढायला आल्यासारखी उभी राहिली, चार गिऱ्हाइकं जाऊ दिली आणि मग पिशवीतून तुझा कागद काढला. वर तुझ्या हातची चिठ्ठी, 'वहिनी, सही कर. माझा नाही, देशाचा प्रश्न आहे.' मी हसले तर पोर घाबरली.

अगं, तहसील कचेरीसमोर बसून मी दिवसभर असलीच प्रतिज्ञापत्रं टाईप करते. मला वाचायला अर्धं मिनिट पुरलं. 'सदर प्रकार घरगुती गैरसमजातून घडला असून आरोपी क्रमांक चार नूतन हिने कबड्डी खेळण्याकरिता परदेशी जाण्यास माझी हरकत नाही.' कोलंबोला जायचं तर तुला कोर्टाची परवानगी हवी, आणि फिर्यादीनेच ना-हरकत दिली तर ती लवकर मिळेल. तीही संघ निघायच्या, चोवीस तारखेच्या आत. मला सगळं कळतं. वकील हुशार निवडलास. अख्ख्या कागदात 'घोटा' हा शब्द कुठे येऊ दिला नाही.

तुझं नाव संघाच्या यादीत आल्यापासून दुकानात रोज चावडी भरते. एक म्हणतो, केस असलेल्या माणसाने देशाची जर्सी अंगावर घालूच नये. दुसरा म्हणतो, सिद्ध कुठे झालंय, उद्या कोणीही कोणावर केस टाकील आणि पोरीचं आयुष्य मातीत घालील. समोर प्रिंट काढणारी लंगडी बाई हीच ती फिर्यादी, हे त्यांच्या गावीही नसतं. आणि खरं सांगायचं तर मला दुसऱ्याचं पटतं. आरोप झाला म्हणजे गुन्हा झाला असं नाही. का पटतं ते पुढे लिहिते, आत्ता धीर होत नाही.

पेणहून येणारे सांगतात, खाडीच्या वाटेवर तुझा मोठा बॅनर लागलाय, 'गावाची वाघीण'. फोटोही नेमका घोट्याच्या पकडीचा. कोणीतरी मोबाईलवर आणला होता, मी तो मोठा करून बघितला. डावा हात वरून, उजवा खालून, खांदा पोटरीला टेकलेला. चोख आहे. मीच शिकवलेली, चोख असणारच. मी लग्न होऊन आले तेव्हा तुला साधा गुडघा धरता येत नव्हता. तुझ्या आईने आल्याआल्या माझा खेळ बंद केला. "सून चड्डीवर नाचताना गावानं बगायची काय?" असं म्हणाल्या होत्या. लेकीने मात्र खेळावं आणि सुनेने तिला शिकवावं. आपला तो बाब्या, दुसरं काय. मिठागराच्या बांधाखाली मी साडी खोचून चढाई करायची आणि तू मला पाडायचीस. तीन वर्षं पाडलंस. ती माझी त्या घरातली सगळ्यात चांगली वर्षं होती, हे लिहिताना माझाच मला राग येतो.

तुझ्या कागदात गैरसमज लिहिलाय, तेव्हा तो काय होता ते एकदा बघू.

जिल्ह्याच्या निवड चाचणीचा अर्ज मी चोरून भरला होता. तुझाही होता. जिल्ह्याच्या संघात डावा कोपरा एकीलाच मिळतो, आणि त्या वर्षी तो मला मिळाला असता. तुला ते माझ्याआधी कळलं होतं. अर्ज तू पाहिलास, पण मला एका शब्दाने विचारलं नाहीस. आईला सांगितलंस. मी पिशवी घेऊन पडवीत आले तेव्हा तुझा भाऊ प्रविण, माझा नवरा, दाराला कडी घालून उभा होता. तेवढंच केलं त्याने, बाकी काही केलं नाही. तुझी आई ओरडली, "धर गो तिला, नाय सोडायची." तू सूर मारलास आणि घोटा धरलास. मी आडवी पडले, तुझी आई पाठीवर बसली.

इथपर्यंत फिर्यादीत आहे. जे नाही ते तुला आणि मला ठाऊक आहे. सरावात आपला एक नियम होता. पकड घट्ट बसली, दुखायला लागलं की जमिनीवर हात आपटायचा आणि समोरचीने त्याच क्षणी सोडायचं. तीन वर्षांत तू एकदाही चुकली नव्हतीस, कधीकधी तर माझा हात पडायच्या आत सोडायचीस. त्या दिवशी मी पडवीच्या फरशीवर हात आपटला. परत परत आपटला. तुझं तोंड माझ्या पायाशी होतं, कान जमिनीला लागला होता. तू पिळलंस. हाड मोडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतरही लगेच सोडलं नाहीस. आता घोट्यात पट्टी आहे, सहा स्क्रू आहेत. तुझा डावा कोपरा पक्का झाला.

हे मी पोलिसांना का नाही सांगितलं? आता ते लिहिते.

तुझे आबा त्या वेळी घरात नव्हते. डोलवीच्या कारखान्यात सकाळच्या शिफ्टला होते. आल्यावर त्यांनीच मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि वाटभर रडत होते. दुसऱ्या दिवशी जितेशदादाच्या ओळखीच्या एका शहाण्याने सांगितलं, सगळ्या घराची नावं घाल, एकट्या नणंदेचं नाव टिकत नाही. मी आबांचंही घातलं. 'आरोपी क्रमांक तीन जगन याने माझे दोन्ही हात धरून ठेवले.' माझे हात कोणीच धरले नव्हते, नूतन. पण ते धरले होते असं एकदा लिहून दिल्यावर मी फरशीवर हात आपटला हे कुठल्या तोंडाने सांगू? माझ्याच खोट्याने माझं खरं गिळलं.

आबा दोन दिवस आत होते. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने त्यांचा गेट पास काढून घेतला. त्या वेळी कोणी म्हणालं नाही की सिद्ध कुठे झालंय, माणसाला कामावर राहू द्या. एकाच फिर्यादीत बाप आहे आणि लेक आहे. बाप आज मिठागरावर राखण करतो, लेकीचा बॅनर लागतो. काही न करणाऱ्याला शिक्षा मी दिली. ते मी नीट करणार आहे. सत्तावीस तारखेच्या सुनावणीला कोर्टात उभी राहून सांगणार, की आबा तिथे नव्हते आणि मी खोटं लिहून दिलं. माझा वकील डोक्याला हात लावून बसलाय. म्हणतो, एक खोटं निघालं की सगळंच खोटं ठरतं, केस मेली समज. मेली तर मेली. ते तुझ्या कागदावर अवलंबून नाही.

म्हणजे बघ, तुझं किती सोपं झालं. काही करू नकोस, गप्प बस. कोलंबो हुकेल, पण वर्षा-दोन वर्षांत निर्दोष सुटशील. मग खुशाल खेळ. लोक हार घालतील आणि मला खोटारडी म्हणतील. त्यात अर्धं खरंच असेल.

आणि याच वर्षी जायचं असेल तर तुझ्या कागदावर माझी सही झालेली आहे. कागद खणात ठेवलाय. तू फक्त तीन ओळी स्वतःच्या हाताने लिहून वैशालीबरोबर पाठव. 'वहिनीने हात आपटला. मी ऐकला. तरी सोडलं नाही.' खाली तारीख आणि सही. ती दुकानात येईल, एका हाताने तुझी चिठ्ठी देईल, दुसऱ्या हाताने माझा कागद नेईल. तुझी चिठ्ठी मी कोर्टात देईन की फाडून टाकीन, ते आज सांगणार नाही. तूही तेव्हा मला काही सांगितलं नव्हतंस.

तू खेळावंस की नाही, हे ठरवणारी मी कोण? शिकवणारी म्हणून एवढंच सांगते, आज तुझ्याइतका चांगला डावा कोपरा दुसरा नाही. देशाने तुला घ्यावं. मीही घेतलं असतं.

एक राहिलं. मी किती वेळा हात आपटला ते या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ते तू चिठ्ठीत लिही. आकडा चुकला तर समजेन की तू खरंच ऐकलं नव्हतंस, आणि चिठ्ठी परत करीन. बरोबर आला तर कागद घेऊन जा.

कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तरी तुझी वहिनी,
अनिता