दाढेतला मका आणि दोन पाट्या शेणखत

आप्पा, सकाळपासून दाढेत मक्याचं साल अडकलंय आणि या गंभीर संकटाची घरात कुणी दखल घ्यायला तयार नाही. माय म्हणते, "तीन पट्ट्यांतली कणसं एका दमात कुणी खा म्हणलं होतं?" कुणी कशाला म्हणेल, निकाल लावायचा होता. रेणापूरच्या बाजारातून मी युरियाचं पोतं आणलं त्या दिवशीची आपली पैज तुम्ही विसरला नसाल. तुम्ही पोत्याला पायानं ढोसून म्हणालात, "मीठ हाय हे. रानाला जेवू घालतूस का खारवतूस?" मी म्हणालो, शेणानंच पिकतं तर गोठ्यात कणसं लागली असती. चूल फुंकता फुंकता माय म्हणाली, "दोघं बी अर्धे शाने. अर्धं शेण घाला, अर्धं पोतं." तिच्याकडे कोण लक्ष देतो! ठरलं असं की, मका पेरून बघायचा, हरेल त्यानं शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन पारावरून जायचं आणि पुढं सगळं रान जिंकणाऱ्याच्या मतानं चालायचं. मग दरसाल सोयाबीनच पेरत राहिलो, आणि तुम्ही बांधाकडेच्या समाधीत जाऊन बसलात.

यंदा मका पेरला, तीन पट्टे. माझा पोत्याचा पट्टा आधी असा काळाभोर उठला की मी रोज उगाच तिकडून चकरा मारी. मग पावसानं दडी मारली आणि त्याची पानं सुरळ्या होऊन बसली. तुमचा शेणाचा पट्टा तग धरून राहिला, पण पहिल्यापासून पिवळट, कणसं बोटभर. मायच्या अर्धं-अर्धं घातलेल्या पट्ट्यात मात्र शेंड्यापर्यंत दाणे भरलेत. पुढच्या साली सगळं रान तिचं. ती नुसती कणसं भाजते. ते टोमण्यापेक्षा जास्त लागतं.

काल पाटी घेऊन निघालो. पारावरून आवाज आला, "काय ओ मालक, पेपरात शेतीवर लिहून भागंना का?"

"हाव, तिथलं खत कुणी उचलंना!"

परत येऊन दुसरी पाटी भरायला लागलो, तर माय म्हणाली, "एक तुझी. ही कुणाची?" मी पाटी डोक्यावर घेतली. तीही पारावरूनच नेली आणि तुमच्या समाधीच्या कडेला ओतली. फिटलं.

आत्ताच या कागदाच्या कोपऱ्यानं दाढेतलं साल निघालं, त्यामुळं पत्र कुठं धाडण्याजोगं राहिलं नाही. म्हणून सांगून टाकतो, तुमची पाटी मी जरा हलकीच भरली होती.