जस्ताच्या भुकटीतली हळद

लकडगंज, नागपूर

चि. रुख्मिणीस, पंचफुलाताईचे आशीर्वाद. तुह्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव. आमचे जावई अजून वड्यांले नावं ठेवत असतील, तर त्यांची प्रकृती ठीकच समजते.

आपली भैरवी (माही नात, केमिकल शिकली, लग्नाचा विषय काढला का फोन घेऊन बाहेर जाते) मागच्या शेडमंधी जस्ताची पांढरी भुकटी करून राहिली. इतकी बारीक, का एकेक कण डोळ्याले दिसत नाही. (न दिसणाऱ्या वस्तूवर मी आजवर देवापुरताच विश्वास ठेवला.) उन्हानं रंग उडू नये म्हणून रंगाच्या कारखान्याले ती पाहिजे. काचेच्या भांड्यात तिनं झकास केली. पण कारखान्याले वाटीभर नाही, पोत्यानं पाहिजे, आन् तेही स्वस्त. म्हणून महागड्या मशिनी सोडून तिनं इतवारी बाजारातून कॅटरिंगवाल्याचं मोठं स्टीलचं पिंप आणलं, त्याले मोटर बसवली. पण एवढ्या मोठ्या पिंपात ढवळणं एकसारखं होत नाही, आन् कण एकमेकाले चिकटतात. आपल्या वंदनाच्या लग्नात कढी फाटली होती, तसंच.

बुधवारी कारखान्याचे साहेब येणार होते. पसंत पडलं तर काम मिळणार, नाही तर शेड बंद करून भैरवी पुण्याले नोकरीले जाणार. माल थंड होईस्तोवर झाकण उघडायचं नाही, असा तिचा हुकूम. पण नवीन भांड्याले हळदी-कुंकू नको काय? आपल्या आईनं चहाची गाळणीही सोडली नव्हती. भैरवी साहेबाले आणायले चौकात गेली, तशी मी शेडमंधी गेली आन् चिमूटभर हळद पिंपातच टाकली. साहेबासमोर तिनं झाकण काढलं, तर पिवळट, रव्यासारख्या गाठी. पोरगी बोटानं गाठी फोडून पाहू लागली. मग मीच बोलली.

"साहेब, हळद माह्या हातानं पडली त्याच्यात. पोरीचा काही दोष नाही."

साहेबानं हात जोडले (मले का पिंपाले, समजलं नाही) आन् पुढच्या महिन्यात पुन्हा पाहतो म्हणाले. तवापासून भैरवी माह्याशी बोलत नाही. चहा देते, पण कप आपटून. शेडले कुलूप लावते. मले त्याचं काही वाटत नाही.

तुही ताई,
पंचफुला

ता.क. वड्या पाठवशील तर तिखट कमी टाक.

आणखी ता.क. भैरवीले फोन कर. माहं ती ऐकून घेत नाही, तुहं घेते. माह्या हळदीनंच घात केला असं समजून ती पिंप पुन्हा तसंच्या तसं लावून राहिली. तिले सांग वं, मी झाकण उघडलं त्याच्या आधीच गाठी झाल्या होत्या. हळद मी त्या पाहून मागून टाकली.