अंगठीचा शास्त्रशुद्ध तपास

चि. प्रयोगशाळेवाल्या भाचीस,

मावशीचे भरघोस आशीर्वाद. तुझा खोकला आता कसा आहे? रसायनांच्या वाफांपासून जप. (तुझी आई म्हणते, तू दिवसभर कागदच रंगवतेस, वाफा वगैरे काही नसतं. रात्रीच्या त्या गुन्हेतपासाच्या मालिकेत तर प्रयोगशाळेत सगळं निळंशार आणि धुरकट असतं. खरं काय ते कळव.) माझे गुडघे होते तिथेच आहेत.

पत्रास कारण, सूनबाईची हिऱ्याची अंगठी मंगळवारी नाहीशी झाली आणि संशय आला तो आमच्या सफाईच्या बाईंवर. नऊ वर्षं त्या या घरात वावरताहेत, माझ्या आजारपणात त्यांनी मला न्हाऊ घातलंय. सूनबाईनं त्यांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगून टाकलं. एका घरानं असं काढलं की इमारतीतली बाकीची घरंही काढणार, आणि बाईंचं सगळं पोट याच इमारतीवर. त्या घेणार नाहीत हे मला माहीत आहे, असं मी म्हटलं. त्यावर सूनबाई म्हणाली, "माहीत असणं म्हणजे पुरावा नव्हे, आई." (हे वाक्य रात्रीच्या मालिकेतलं आहे. मीही बघते.)

मग मी कंबर कसली. पुरावा हवा ना, मग ढीग घालते म्हटलं. स्वयंपाकघराच्या दाराला दोरी बांधली. तुझे काका दुपारपर्यंत दोरीपलीकडे उभे राहून चहाच्या डब्याकडे बघत होते, पण मी विरघळले नाही. सूनबाईचे भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले (मालिकेत त्याशिवाय कुणी कशाला हात लावत नाही) आणि ठसे घ्यायला अंगाला लावायची पावडर काढली. ती नीट बसावी म्हणून आधी कपाट ओल्या फडक्यानं लख्ख पुसून घेतलं. तर काय, एकही ठसा नाही. चोर भलताच सराईत दिसतो, असं मी म्हणाले, तेव्हा काका जे हसत सुटले ते अजून थांबलेले नाहीत. उजव्या मोज्यात मधलं बोट सारखं अडत होतं, पण सांधे धरलेत म्हणून का कुणी तपास सोडतं?

दोन केस मिळाले. एक माझा, दुसरा काकांचा. दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवते आहे. तुमच्याकडे अहवालाला महिने लागतात असं तू मागे म्हणालीस. मालिकेत जाहिराती संपायच्या आत लागतो. जरा हात चालवा.

तुझी,
मावशी

ता. क. अंगठी सापडली. त्याच मोज्याच्या मधल्या बोटात होती. भांडी घासून मोजा ओढून काढताना सूनबाईच्या बोटातून निसटली असणार, आणि अख्खा तपास मी ती सोबत घेऊन केला. काकांचा केस परत पाठव, त्यांच्याकडे फार उरलेले नाहीत.

ता. क. दुसरा. सूनबाई म्हणते, बाईंनीच घाबरून ती मोज्यात टाकली. मालिकेत चोर माल परत आणून ठेवतोच. तेव्हा रविवारी तू येच. पांढरा कोट घालून ये. (तुझा धुवायला असेल तर शेजारच्या दंतवैद्यांचा मागून ठेवते.) खोटं काही बोलायचं नाही. मोजा उजेडात धरायचा, थोडा वेळ गप्प राहायचं आणि बाईंनी अंगठी घेतलेली नाही, एवढंच सूनबाईला सांगायचं. बाईंना मी सोमवारी नेहमीच्या वेळी या म्हणून निरोप धाडला आहे. मी मंगळवारपासून तेच सांगते आहे, पण माझ्याकडे कोट नाही.