राउटरची वेळ आणि भोंग्याची वेळ

१ फेब्रु. ९७, शनि.
काल शुक्रवार, कारखान्याची आठवड्याची वीज बंद. आज कॉम्प्युटर रूम उघडली तर मुंबई ऑफिसला जोडणाऱ्या लाइनवरचा राउटर पुन्हा १९९३ सालात जाऊन बसलेला. मेला वीज गेली की सगळं विसरतो! मुंबईचे साहेब फोनवर: "लाइन कुणाकडून तुटते ते दोन्ही राउटरच्या वेळा जुळल्याशिवाय कळणार कसं? वेळ सांभाळा, नाहीतर पर्मनंट व्हायचं विसरा."
बरं बाबा.

३ फेब्रु.
टाइम ऑफिसच्या घड्याळावरून राउटर लावला. साहेब कडाडले, सात मिनिटं पुढे! टाइमकीपर तांडेलकाकांना विचारलं.
"मुद्दाम ठेवलंय पुढं. तू नको त्यात बोट घालू, बाय."
मी ऐकते होय! मॅनेजरला गाठलं, रेडिओ लावला, घड्याळ बरोबर करून घेतलं. भोंगाही त्याच घड्याळावर वाजतो, म्हणजे तोही सुधारला. एका दगडात...

४ फेब्रु.
भोंगा अगदी खऱ्या वेळेला. आम्ही गेटबाहेर येतो तर सातपाटीची एसटी धूर सोडत वळणापलीकडे. ती सात मिनिटं कशाला होती ते तेव्हा कळलं. पुढची गाडी दीड तासाने. अख्खी शिफ्ट माझ्याकडे बघतेय. पळणार कुठे, माझीही तीच एसटी.

५ फेब्रु.
आजही चुकली. पॅकिंगमधली जनामावशी, आमच्याच आळीतली: "तुजं मशीन बरोबर हाय गं, पन आमी घरी कवा जायाचं? पोरं उपाशी बसलीत." तोंड लपवावंसं वाटलं.
डेपोत गेले. गाडी थोडी उशिरा सोडा म्हटलं. कंट्रोलर म्हणे, "मुंबईहून ऑर्डर आणा."
यांचीही मुंबईच!

८ फेब्रु., शनि.
काल वीज बंद. राउटर १९९३ मध्ये, सुखात. तांडेलकाका घड्याळाची किल्ली घेऊन दारात उभे. "काय करू?"
"करा पुढे," म्हटलं. राउटरही त्यावरच लावला. मग मुंबईला फोन. "साहेब, वेळा जुळल्या पाहिजेत ना? मग तुमचाच राउटर सात मिनिटं पुढे घ्या."
साहेब हळूच, "आमचं ऑफिसही त्यावर सुटेल का हो?"
"तुम्ही म्हणाल तसं."
"सोमवारी कळवतो."
माझ्या नोकरीचंही त्यातच आलं बहुतेक. संध्याकाळी एसटी मिळाली. जनामावशी टोपली मांडीवर घेऊन माझ्यासाठी सरकली.