गूळ पोटात जातो, धूळ छातीत

अण्णा, दरवर्षी मी श्वसनाचा धडा एका तासात उरकते. प्रकाशसंश्लेषणाला आठवडा घेते, पानं उकळते, आयोडीन टाकते, पोरं खूश असतात. श्वसन आलं की मात्र भराभर आकृती काढायची, नावं द्यायची आणि पुढचं पान. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी फळ्यावर फुप्फुसं काढताना हात तुमच्या छातीवरून फिरतोय असं वाटतं. आज तो धडा अर्ध्यावरच राहिला. का राहिला ते तुम्हालाच सांगायला हवं, दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

प्रकाशसंश्लेषण तरी कुठे सोपं जातं म्हणा. आपली भोसरीची खोली डोळ्यांपुढे येते. तुमची कायम नाईट, दिवसा झोपता यावं म्हणून आईने एकुलत्या एक खिडकीला काळं प्लास्टिक ठोकलेलं. मी आठवीत असेन. बाईंनी सांगितलेलं, कुंडी दोन दिवस पूर्ण अंधारात ठेवा, पानातला स्टार्च संपला की मगच प्रयोग करायचा. अख्ख्या चाळीत आपल्या खोलीइतका अंधार कुणाकडे होता? मी जास्वंदीची कुंडी तुमच्या उशाशी ठेवून शाळेत जायची. वर्गात पानावर आयोडीन टाकलं तर काळ्या कागदाखाली झाकलेला भागसुद्धा काळानिळा, म्हणजे स्टार्च तसाच. सगळा वर्ग हसला. घरी येऊन मी आदळआपट केली. तुम्ही ड्युटीला निघायच्या तयारीत, बशीत चहा ओतत शांतपणे म्हणालात, "मीच ठेवत होतो गं उन्हात. तू गेली की गॅलरीत, तू यायच्या टायमाला परत आत. मला नाईट लागली ते ठीक हाय, तिनं काय गुन्हा केलाय?" आई तोंडाला पदर लावून हसत होती. मी चांगली दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. त्या कुंडीपायी तुम्ही दोन्ही दिवस झोप मोडून उठत होतात, हे कळायला मला स्वतःची नोकरी लागावी लागली.

तुमचं काम फाउंड्रीत, साच्यातून निघालेल्या लोखंडी कास्टिंगवरची वाळू झाडायचं. शिफ्ट सुटताना कंपनी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. गूळ खाल्ला की छातीतली धूळ खाली उतरते, असं सुपरवायझरपासून सगळी फाउंड्री मानायची. मास्क घामाने चिकटतो म्हणून तो खिशात, आणि सगळा भरवसा गुळावर. त्यातला अर्धा खडा तुम्ही कागदात बांधून मला आणायचात. "खा माय, छाती साफ राहती." पुढे पुस्तकात मी त्या दोन नळ्या पाहिल्या. गूळ मागच्या नळीने पोटात जातो, धूळ पुढच्या नळीने फुप्फुसात, दोघांची जन्मात गाठ पडत नाही. धावत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही कौतुकाने ऐकलंत, मग म्हणालात, "पुस्तकवाल्यानं फाउंड्री कुठं बघितली?" झालं, विषय संपला.

मला या शाळेत नोकरी लागली त्याच वर्षी प्राणवायूचं मशीन आपल्या घरी आलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून मला दाखवला, बायोलॉजीवाली म्हणून. धूळ बसून बसून फुप्फुसं घट्ट झाली होती, ती परत मऊ होणार नव्हती. एका दुपारी तुम्ही नाकातली नळी सावरत विचारलंत, "माय, तू पोरांना शिकवतीस. खरं सांग, हे परत पहिल्यासारखं होतं का?" मी म्हणाले, होतं अण्णा. अंगात रोज नव्या पेशी तयार होतात, झाडाला पालवी फुटते तसंच. थोडा वेळ लागतो. "पुस्तकात हाय ना, मग झालं," म्हणालात, आणि त्या दिवशी आईकडून अर्धी भाकरी जास्त मागून घेतलीत. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही पुस्तकावर विश्वास ठेवलात, आणि ते पुस्तकात नव्हतंच. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात.

आज फळ्यावर तीच आकृती होती आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिचे वडील चाकणला फाउंड्रीत आहेत. "मॅडम, पप्पा लय खोकतात. पण ते रोज गूळ खातात. मग चालतं ना?" वर्गात कुणी हसलं नाही. इकडे चिखलीत कितीतरी घरांत असे बाप आहेत. 'चालतं' हा शब्द अगदी माझ्या ओठांवर आला होता. मी खडू ठेवला, पोरांना वाचत बसा म्हटलं आणि तिला घेऊन जिन्यात बसले. सांगून टाकलं सगळं. गुळाने काही होत नाही. बसलेली धूळ निघत नाही. मास्क नाकावर पाहिजे, खिशात नाही, आणि पप्पांना म्हणावं छातीचा फोटो काढा, याच आठवड्यात.

"म्हणजे मॅडम, जे झालं ते झालंच?"

हो म्हणाले. ती रडली, मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. पोरीला कशाला घाबरवता म्हणून चिडले होते. बोलता बोलता त्यांना खोकला लागला, तो थांबेना. मी कानाला फोन लावून उभी. तो खोकला मला पाठ आहे, अण्णा. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "फोटो कुठं काढून मिळंल, मॅडम?"

तर आज मी खरं बोलले. उद्या राहिलेला धडाही शिकवीन. हे पत्र कुठे टाकायचं नाही, आईला तर मुळीच दाखवायचं नाही. पण तुम्ही आत्ता समोर येऊन पुन्हा विचारलंत ना, तर मला खरं बोलणं जमणार नाही. होतं म्हणेन मी, तुमच्या डोळ्यांत बघून.