चांदीच्या तलवारीचे मानकरी

प्रिय मौंग ठून,

बाबांना जाऊन महिना होत आला. तू आला नाहीस, त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. भांडायलाही अंगात त्राण लागतं. सातव्या दिवशी भिक्षूंना जेवू घातलं, बाबांच्या नावाने पुण्य वाटलं, आल्यागेल्यापुढे मुरवलेली चहाची पानं ठेवली. गावातले अर्धेच आले. ज्यांची माणसं इंग्रजांविरुद्धच्या बंडात फासावर गेली, ते कशाला येतील? धरून बाबांनीच दिली होती. त्याबद्दल इंग्रज साहेबाने भर दरबारात तलवार दिली, नावापुढे 'चांदीच्या तलवारीचे मानकरी' लागलं, आणि त्याच दिवशी तू घर सोडलंस. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं.

बाबा मात्र त्या बिरुदाला चिकटूनच बसले. इंग्रज गेले, गावची पाटीलकी गेली, पोरं पाठीमागून "काय तलवारवाले, आज कुणाला धरून देताय?" म्हणून हिणवायची, तरी बिरुद नसलेला कागद ते हातात घेत नसत. तुझ्या लग्नाचं आमंत्रण आलं, पाकिटावर बाबांचं नुसतं नाव, 'ऊ फो ज्यॉ'. "हे माझं नाही," म्हणाले आणि पायरीवरूनच परत पाठवलं. मग दिवसभर जेवले नाहीत. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

आता मेल्यावरही ते घरातून हलत नाहीत. रोज सकाळी, त्यांच्या कामाला बसायच्या वेळी, खुंटीवरची तलवार वाजते. आई चटई अंथरते, चहा ठेवते, आणि न ऐकू येणाऱ्या हुकमांना "हो, हो" म्हणत बसते. वाळून काडी झाली आहे. मला बघवत नाही रे. शेवटी विहारातल्या थोरल्या भंतेंकडे गेले. ते म्हणाले, "अगं, सरकारी माणूस तो. वरचा हुकूम आल्याशिवाय जिवंतपणी कधी वेस ओलांडली होती का? मग आता कसा जाईल?" खरंच आहे. चाकरीतला माणूस वारला की वरचा साहेब त्याच्या जिवाला मोकळं केल्याचा हुकूम देतो, ही आपल्याकडची रीत; तो बाबांना कुणी दिलाच नाही. देणारा इंग्रज साहेब केव्हाच बोटीत बसून गेला. त्याच्या खुर्चीत आता जिल्ह्याचा अधिकारी म्हणून तू आहेस.

म्हणून लिहिते आहे. एवढा हुकूम काढ: तुमची चाकरी संपली, आता जा. सही कर, शिक्का मार. मसणात उभी राहून मी वाचून दाखवीन. त्यांना माफ नाही केलंस तरी चालेल, आईसाठी कर. फक्त नावापुढे ते बिरुद तुझ्या हाताने, पूर्ण लिही. नाहीतर म्हणतील, हे माझं नाही.

तुझीच, फार दमलेली ताई,
मा सेन म्या